पेशवाईतील फौज आणि थकलेला पगार

बदलापूर हे नाव घोडे बदलण्याच्या ठिकाणावरून पडले, अशी आख्यायिका परिसरात सांगितली जाते. सुरतेकडे ये-जा करणारे मराठा स्वार येथे दमलेली घोडी बदलत, असे म्हणतात. आख्यायिका खरी असो वा नसो, त्या काळातील फौजेचा खर्च मुख्यतः घोड्याभोवतीच फिरत होता. स्वतःचे घोडे व शस्त्र घेऊन येणारा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. शिलेदाराला मोहिमेपूर्वी नालबंदी, म्हणजे तयारीसाठी उचल मिळे. पुढचा पगार सरदाराच्या सरंजामातून किंवा मुलुखगिरीतून येणाऱ्या पैशावर अवलंबून असे. एकसारखा गणवेश नव्हता. अंगरखा, मुंडासे, थंडीची घोंगडी ज्याची त्याने पाहावी. सकलाद, अर्थात विलायती लोकरी कापड, शिपायाच्या आवाक्याबाहेरचे होते.

पहिल्या बाजीरावाच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांतही विजयांइतकाच सावकारांचा तगादा दिसतो. पानिपतच्या मोहिमेत ही ओढाताण विकोपाला गेली. ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली हाती आल्यावर सदाशिवरावभाऊंनी लाल किल्ल्यातील दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून नाणी पाडली. त्यातून सुमारे नऊ लाख रुपये निघाले. एवढ्या मोठ्या फौजेला ते फार काळ पुरणारे नव्हते. डिसेंबरमध्ये रसद व पैसा पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. जानेवारी १७६१ च्या आरंभी दिल्लीहून खजिना आणणारी तुकडी अंधारात वाट चुकून थेट अफगाण छावणीत शिरली. उत्तरेच्या कडाक्याच्या थंडीत दक्षिणी माणसे अपुऱ्या कपड्यांवर आणि अर्धपोटी उभी होती.

नियमित रोख पगाराचा आग्रह धरणारा सरदार होता इब्राहिमखान गारदी. काशीराज पंडिताच्या वृत्तांतानुसार, १४ जानेवारीच्या सकाळी त्याने भाऊंना याच जुन्या नाराजीची आठवण दिली आणि या महिन्याचा पगार मिळालेला नसला तरी आज आपण चाकरीचे ऋण फेडू, असे सांगितले. त्याच्या पलटणींनी त्या दिवशी शब्द पाळला.

पगार थकलेली कवायती फौज धन्यालाही धोकादायक ठरे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारदी शनिवारवाड्यात घुसले ते थकलेल्या पगाराच्या मागणीच्या निमित्ताने, आणि नारायणराव पेशव्यांचा खून झाला. कटाचे धागेदोरे वेगळे होते. पण ही सबब सर्वांना पटण्यासारखी होती, हेच त्या काळाचे चित्र आहे.

पैशाची चणचण इंग्रजांनाही होतीच. १७८० मध्ये मुंबईकरांनी कल्याण घेतले. त्यांच्या तुकडीने अंबरनाथजवळच्या मलंगगडाला वेढा दिला. पण गड हाती आला नाही. कर्नल हार्टले कोकणात फौज घेऊन उभा राहिला त्याचे एक कारण भात कापणीचे होते. उल्हास खोऱ्यातील पीक ज्याच्या हाती, त्याच्या शिपायांच्या पोटाची सोय! डिसेंबरात भिवंडीजवळील दुगाडच्या लढाईत मराठा सरदार रामचंद्र गणेश पडले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने कल्याण पुन्हा मराठ्यांकडे आले.

यातून धडा घेतला तो महादजी शिंद्यांनी. डी बॉयनच्या पलटणींसाठी त्यांनी दोआबातील मुलूख जायदाद म्हणून तोडून दिला. वसुली थेट फौजेच्या खर्चाला लागे, पगार वेळेवर होई, शिपायाला गणवेश मिळे. महादजींच्या पश्चात मात्र शिंद्यांची फौज पुण्यात अडकून पडली आणि १७९८ मध्ये दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी तिचे पगार भागवण्यासाठी शहरातील धनिकांना पकडून, छळ करून पैसा वसूल केला. फौजेला मुलुखातून मिळायचा तो पगार आता पेशव्यांच्या राजधानीतील घराघरांतून काढला जात होता.