सारस

क्रौंच कुलातील (ग्रुइडी) पक्षी. शास्त्रीय नाव अँटिगोन अँटिगोन. उडू शकणाऱ्या पक्ष्यांत हा सर्वांत उंच (सु. १·८ मी.) असून आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या सूचीत त्याची गणना असुरक्षित जातींत होते.

नर-मादी बहुधा आयुष्यभर एकत्र राहतात. त्यामुळे सारसाची जोडी दांपत्यनिष्ठेचे प्रतीक ठरली. व्याधाने क्रौंचयुग्मातील नर मारल्यावर वाल्मीकींच्या शोकातून श्लोक उद्भवला, अशी कथा रामायणाच्या बालकांडात आहे. हा क्रौंच म्हणजे सारसच, असे काही अभ्यासक मानतात. मोगल बादशहा जहांगीर (कार. १६०५–२७) याने लैला व मजनू या पाळीव सारसांच्या अंडी उबविण्याचे वर्णन आपल्या आत्मवृत्तात केले आहे.

महाराष्ट्रात सारस आता मुख्यत्वे गोंदिया व भंडारा या जिल्ह्यांत आढळतो. पश्चिमेकडील यवतमाळच्या कापसाच्या मुलखाहून हा प्रदेश निराळा. येथे भातशेती आणि कोहळी समाजाने बांधलेले जुने तलाव आहेत. पावसाळ्यात नर-मादी उथळ पाण्यात किंवा धानाच्या बांधीत गवताचे घरटे करतात व मादी त्यात बहुधा दोन अंडी घालते. पाणथळ जागांचा ऱ्हास, कीटकनाशके व विजेच्या तारा यांमुळे ही जाती संकटात आली. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने याची स्वतःहून दखल घेतली. घरटे शेतात असल्याने पूज्यभाव पुरेसा ठरत नाही. धान न कापता काही आठवडे घरटे राखणाऱ्या शेतकऱ्याच्या हातीच सारसाचे भवितव्य आहे.