सात हँडब्रेक, बहात्तर टाक्या

चंद्रपूर-बल्लारशाकडच्या माणसाला मालगाडीचे अप्रूप नाही. घुग्घुस, माजरी, वणीच्या पट्ट्यातून कोळशाचे रेक रात्रंदिवस निघतात. वडसा-गडचिरोली मार्ग पुरा झाला की गडचिरोली शहरालाही त्यांची सवय होईल. धावत्या गाडीला आपण जपून असतो, उभ्या गाडीची मात्र कुणी धास्ती घेत नाही. ती का घ्यावी, हे कॅनडातल्या क्युबेक प्रांतात २०१३ साली एका रात्रीत कळले. डिझेल इंजिन बंद झाले आणि त्यामुळेच गाडी सुटली, असा तो विलक्षण अपघात होता. त्या रात्रीचा हा घटनाक्रम.

शुक्रवार, ५ जुलै २०१३, दुपारी २ च्या सुमारास

फार्नहॅमहून ‘माँट्रियल, मेन अँड अटलांटिक’ कंपनीची मालगाडी सुटते. पाच डिझेल इंजिने आणि ७२ टाक्यांत अमेरिकेच्या नॉर्थ डकोटातले सुमारे ७७ लाख लिटर कच्चे तेल. लांबी जवळपास दीड किलोमीटर, वजन ९,००० टनांच्या वर. गाडीवर माणूस एकच, लोको पायलट. एकट्याने गाडी चालवण्याची पद्धत कंपनीने या मार्गावर आदल्याच वर्षी सुरू केली होती.

पुढचे इंजिन वाटेतच कुरकुर करू लागते. आठ महिन्यांपूर्वी त्याची दुरुस्ती झाली होती. रीतसर काम करायला वेळ आणि पैसा दोन्ही लागले असते, म्हणून आतला भाग इपॉक्सीसारख्या पदार्थाने सांधला होता. तो सांधा आता निकामी झालेला असतो.

रात्री १०:५०

गाडी नांत या गावी थांबते. इथून लाक-मेगांतिक शहर सुमारे साडेअकरा किलोमीटरवर, आणि तिथवर रूळ उतरतच जातात. शेजारच्या साइडिंगवर सुटलेली गाडी रुळावरून उतरवून थांबवणारे साधन आहे, पण त्या साइडिंगवर रिकामे डबे उभे आहेत. तेलाची गाडी मेन लाइनवर, उतारावरच उभी राहते.

लोको पायलट पाच इंजिने आणि त्यांच्याजवळच्या दोन डब्यांचे हँडब्रेक आवळतो. एकूण सात. पुढे अपघाताच्या तपासात निघाले की त्या उतारावर तेवढे वजन धरायला किमान १७, कदाचित २६ हँडब्रेक हवे होते.

मग चाचणी. चाचणीचा नियम साधा आहे: हवेचे सगळे ब्रेक सोडायचे आणि इंजिनाला जोर देऊन गाडी हलते का ते पाहायचे. न हलली तर हँडब्रेक पुरेसे. त्या रात्री इंजिनाचे हवेचे ब्रेक लागलेलेच राहिले. गाडी हलली नाही आणि सात हँडब्रेकनी ती धरली असा समज झाला. प्रत्यक्षात तिला बरेचसे हवेनेच धरले होते.

ही हवा पुरवतो इंजिनाचा कॉम्प्रेसर. मागची चार इंजिने बंद केलेली होती. पुढचे, नेमके दुखणेकरी इंजिन चालू होते.

११ नंतर

लोको पायलट टॅक्सीने हॉटेलकडे निघतो. इंजिन धूर ओकत असते, आणि तेलाचे थेंब टॅक्सीच्या काचेवर पडतात.

११:४०

इंजिनाला आग लागल्याचा फोन आपत्कालीन सेवेला जातो. नांतचे अग्निशमन दल येते, डिझेलचा पुरवठा तोडून इंजिन बंद करते आणि आग विझवते. आग विझवायची तर डिझेल तोडायलाच हवे, त्यात त्यांचे काही चुकले नाही. इंजिनातले विजेचे ब्रेकरही खाली केले जातात.

कंपनीने पाठवलेला माणूस रुळांच्या देखभालीचा, त्याला इंजिनाची माहिती नाही. हॉटेलातल्या लोको पायलटला नियंत्रण कक्षाकडून फोन जातो. जाऊन दुसरे इंजिन सुरू करू का, असे तो विचारतो. आपला माणूस तिथे आहे, असे उत्तर मिळते. सगळे आपापले काम आटोपून निघून जातात. पाचही इंजिने आता बंद आहेत.

१२ ते १

कॉम्प्रेसर थांबला की ब्रेकच्या नळ्यांत हवा भरत नाही. सांध्यासांध्यांतून झिरपणे मात्र चालूच राहते. दाब तासभर उतरत जातो. कुठेही घंटा वाजत नाही. १ वाजायला थोडा अवकाश असताना पकड सुटते आणि गाडी हलते. इंजिने बंद असल्याने आवाज नाही, दिवे नाहीत, भोंगा वाजवायला माणूस नाही.

१:१५

शहरात शिरेपर्यंत वेग ताशी सुमारे १०५ किलोमीटर झालेला असतो. शहराच्या मध्यावर रूळ वळतात, तिथे परवानगी जेमतेम २४ ची. ६३ टाक्या घसरतात, सुमारे ६० लाख लिटर तेल सांडते आणि पेटते. शुक्रवारची रात्र असल्याने रुळांजवळचा म्युझी-कॅफे भरलेला होता. जळते तेल रस्त्यांवरून आणि गटारांतून पसरले. ४७ माणसे गेली, ४० इमारती नष्ट झाल्या, २,००० लोकांना घर सोडावे लागले. शहराची वस्ती सहा हजारांच्या आसपास. प्रत्येकाच्या ओळखीचे कुणीतरी गेले होते.

त्यानंतर

महिनाभरात कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तपास यंत्रणेच्या २०१४ च्या अहवालाने या एका अपघाताची १८ कारणे मांडली. कंपनीची ढिली शिस्त त्यात होती आणि सरकारी देखरेखीतली उणीवही. जानेवारी २०१८ मध्ये लोको पायलटसह तीन कर्मचाऱ्यांना ज्युरीने निर्दोष ठरवले. घातक माल नेणाऱ्या गाडीवर एकटा माणूस ठेवायला बंदी आली, जुन्या धाटणीच्या टाक्या काढल्या गेल्या, हँडब्रेकचे नियम कडक झाले. तेल मुरलेल्या मातीपायी शहराच्या मध्यातल्या वाचलेल्या इमारतीही पाडाव्या लागल्या.

हे दूर कॅनडात घडले म्हणून सोडून देता येत नाही. ८ नोव्हेंबर २०१७ ला आपल्या सोलापूर मार्गावरच्या वाडी जंक्शनमध्ये चेन्नई-मुंबई मेलचे सोडवलेले विजेचे इंजिन लोको पायलटविना सुमारे १३ किलोमीटर धावले. रेल्वेच्या माणसाने मोटारसायकलवरून पाठलाग करून ते थांबवले. २५ फेब्रुवारी २०२४ ला जम्मूतल्या कठुआहून खडीने भरलेली ५३ डब्यांची मालगाडी चालकाविना सत्तरहून जास्त किलोमीटर गेली, तेव्हा रुळांवर लाकडी ठोकळे टाकून तिला अडवावे लागले. दोन्ही वेळा जीव गेला नाही, कारण पुढचा मार्ग वेळेत मोकळा करता आला. नांतहून गाडी निघाल्याचे कुणाला कळलेच नाही.

हँडब्रेक आवळणे हे अंगमेहनतीचे काम. प्रत्येक डब्यापाशी जायचे, चाक फिरवायचे, पुढच्या डब्याकडे वळायचे. रात्री, पावसात, एकट्याने वीस-पंचवीस डबे म्हणजे बराच वेळ आणि बरेच श्रम. हा वेळ वेळापत्रकात धरला नाही आणि सोबत दुसरा माणूस दिला नाही, तर नियम कागदावर राहतो आणि गाडी हवेच्या भरवशावर. आपल्या साइडिंगवर रात्रभर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक भरल्या रेकसाठी तो वेळ आणि तो दुसरा माणूस आपण हक्काने मागायला हवा. गाडी वेळेवर पोचावी म्हणून आपण जेवढा आग्रह धरतो, तेवढाच ती जागची हलू नये म्हणूनही धरला पाहिजे.