समुद्रसेवेचा दाखला

इंग्रजी कादंबरीचा अभ्यास करणारांस जोसेफ कॉन्रॅड हें नांव नवें नाहीं. परंतु कादंबरीस हात घालण्यापूर्वीं या ग्रंथकारानें लंडनमध्यें तीन नाविक परीक्षा दिल्या होत्या, आणि त्यांचीं कागदपत्रें त्याच्या कथांइतकींच बोलकीं आहेत, याकडे वाचकांचें लक्ष सहसा जात नाहीं.

या परीक्षा फारशा जुन्या नव्हत्या. एके काळीं इंग्रजी व्यापारी जहाजाचा कप्तान होण्यास मालकाची मर्जी पुरे असे. जहाजें वारंवार कां बुडतात याची चौकशी पार्लमेंटच्या समितीनें १८३६ सालीं केली. पुढें परराष्ट्रखात्यानें परदेशच्या बंदरांतील आपल्या कॉन्सलांस मतें विचारलीं, तेव्हां कप्तानांच्या मद्यपानाच्या व अज्ञानाच्या तक्रारींचा ढीगच जमला. अखेर १८५० चा कायदा झाला व परदेशीं जाणाऱ्या जहाजांच्या कप्तानांस आणि मेटांस परवानापत्र सक्तीचें ठरलें. जे आधींपासून त्या हुद्द्यांवर होते त्यांस परीक्षेवांचून ‘सेवापत्र’ मिळे; नव्यांस मात्र परीक्षा देऊन ‘योग्यतापत्र’ मिळवावें लागे.

परीक्षेपूर्वींची अट अशी कीं, उमेदवारानें समुद्रावर ठराविक काळ काढल्याचा पुरावा द्यावा. सफर संपली म्हणजे खलाशास सुटकेचा दाखला मिळे. त्यावर जहाजाचें नांव, हुद्दा, चढल्याउतरल्याच्या तारखा, आणि कसब व वर्तन यांविषयीं कप्तानाचा शेरा असे. आमच्या कोंकणच्या तांडेलास असा कागद कोणी मागितला नाहीं. त्याची साक्ष गांवच देई. पण कागदाच्या राज्यांत त्या साक्षीस किंमत नव्हती, आणि १९२७ सालीं मुंबईस ‘डफरिन’ हें शिक्षणजहाज सुरू होईपर्यंत हिंदी तरुणास अधिकारीपदाची वाट जवळजवळ बंदच होती.

कॉन्रॅड हा जन्मानें पोलिश. १८७४ सालीं तो मार्सेयच्या बंदरांत आला आणि १८७८ सालीं इंग्रजी जहाजावर चढला. दुसऱ्या मेटाच्या परीक्षेस चार वर्षांची सेवा लागे. त्याची तेवढी भरत नव्हती. तेव्हां मार्सेयच्या एका जहाजमालकाचें पत्र जोडून त्यानें फ्रेंच जहाजांवरील काळ वस्तुस्थितीहून बराच फुगवून दाखविला, व मे १८८० मध्यें तो उत्तीर्ण झाला. हें खोटेंच होतें. तरीही आम्हांस असें वाटतें कीं, ज्या परीक्षकानें त्याला सुमारें तीन तास खोदून खोदून विचारलें, त्याची फसवणूक कागदानें झाली असली तरी ज्ञानाच्या बाबतींत झाली नाहीं.

पुढें कागदानें सूड उगविला. १८८४ च्या एप्रिलांत मद्रासेस ‘रिव्हर्सडेल’ जहाजाच्या कप्तानाशीं त्याचें बिनसलें. दाखल्यावर कसब ‘फार चांगलें’. वर्तनाच्या रकान्यांत मात्र शेरा देण्यास नकार! असला दाखला खिशांत घेऊन तो आगगाडीनें मुंबईस आला, आणि आमच्याच बंदरांत त्याला ‘नार्सिसस’ जहाजावर दुसऱ्या मेटाची जागा मिळाली. १८९७ सालच्या त्याच्या प्रसिद्ध कादंबरीस याच जहाजाचें नांव आहे.

त्या वर्षीं नोव्हेंबरांत पहिल्या मेटाच्या परीक्षेंत तो नापास झाला व डिसेंबरांत पास झाला. कप्तानाच्या परीक्षेंतही १८८६ च्या जुलईंत अपयश आलें. यश मिळालें नोव्हेंबरांत. १९१२ सालच्या आपल्या आठवणींत त्यानें तिन्ही परीक्षकांचीं चित्रें मोठ्या रंगतीनें काढलीं आहेत, पण या दोन्ही नापाशींचा उल्लेख टाळला आहे. उत्तरपत्रिका तपासण्यांत ज्यांचा जन्म गेला त्या आम्हांस याचें हसूं येतें. पदवी मिळाल्यावर आधींच्या वाऱ्या मोजून दाखविणारा पदवीधर आम्हीं अद्याप पाहिला नाहीं.

योग्यतापत्र मिळालें तरी जहाज कोठें होतें? पुन्हां मेटगिरीच करावी लागली. १८८८ च्या जानेवारींत बँकॉकला ‘ओटागो’ या लहानशा जहाजाचा कप्तान मरण पावल्यामुळें त्या जागीं कॉन्रॅडची नेमणूक झाली. जहाज जेमतेम साडेतीनशें टनांचें. पण समुद्रावरचें त्याचें कप्तानपद तें एवढेंच. पुढल्याच वर्षीं त्यानें तें सोडलें. १८९३ च्या अखेरीस ‘अडोवा’ या आगबोटीवर तो शेवटची नोकरी धरता झाला, ती दुसऱ्या मेटाची. बोट रुआं बंदरांत भाडोत्र्यांची वाट पाहत उभी राहिली, उतारू आलेच नाहींत, आणि कप्तानाचें पत्र जवळ असलेला हा दुसरा मेट आपल्या खोलींत बसून पहिल्या कादंबरीचें दहावें प्रकरण लिहीत होता.