शेकरूचे रक्षण : देवराई ते अभयारण्य

नांदेड-लातूरकडील अंगणांत दिसणाऱ्या खारीचे थोरले, तांबूस भावंड म्हणजे महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू. सह्याद्रीतील भीमाशंकरचे रान त्याचे प्रसिद्ध वसतिस्थान होय. इ. स. 1831 मध्ये साइक्सने दख्खनच्या सस्तन प्राण्यांच्या सूचीत त्याची नोंद करून त्यास एल्फिन्स्टनचे नाव दिले. शेकरू क्वचितच भूमीवर उतरते. एकमेकींस भिडलेल्या फांद्या हाच त्याचा मार्ग. तो प्रथम राखला महादेव कोळ्यांच्या देवरायांनी. देवाच्या रानास कुऱ्हाड लावू नये, हा तेथील दंडक. 1972 चा वन्यजीव कायदा व 1985 चे अभयारण्य त्यानंतरचे. कायद्याने शिकार थांबते. परंतु वृक्षांची सलगता तुटल्यास शेकरू तगत नाही. म्हणून त्याच्या रक्षणाचा इतिहास हा प्रथमतः ग्रामस्थांनी राखलेल्या झाडांचा इतिहास ठरतो.