डहाणूंतील बिनशेतीचा निवाडा : गांवठाण, पाडा आणि प्राधिकरण

घराशेजारची जमीन वखारीस, दुकानास किंवा कारखान्यास द्यावी कीं देऊं नये, हा प्रश्न शहरांत नगरपालिकेच्या सभेपुढें येतो. अर्ज पडतो, नोटीस लागते, शेजारी हरकती घेतात आणि सभासद हात वर करितात. डहाणू तालुक्यांत मात्र हाच प्रश्न सुमारें दीडशें वर्षांत कलेक्टरच्या कचेरींतून नकाशावर, नकाशावरून राजपत्रांत आणि राजपत्रांतून निवृत्त न्यायमूर्तींच्या आसनापुढें गेला. त्या प्रवासाचे टप्पे नोंदविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. तो आम्ही डहाणू शहराच्या बाजूनें न पाहतां कैनाडसारख्या गांवाच्या बाजूनें पाहणार आहों. कारण ‘घराशेजारीं’ या शब्दाचा अर्थच तेथें निराळा होतो.

देशावरच्या गांवाचे पांढरी आणि काळी असे दोन भाग वाचकांच्या परिचयाचे आहेत. पांढरींत वस्ती, काळींत शेत. सरकारी दप्तरांतील ‘गांवठाण’ हा शब्द याच कल्पनेवर उभा आहे. कैनाड हें वारली वस्तीचें गांव. तेथें ही विभागणी लागू पडत नाहीं. घरें पाड्यापाड्यांनीं विखुरलेलीं, एका पाड्यापासून दुसरा पाडा दूर, मध्यें भातखाचरें, माळ, जंगल. घर शेतांतच आणि शेत घराच्या अंगणाला लागून. अशा गांवीं गांवठाणाची रेघ ओढली तर वस्तीचा बराच भाग रेघेबाहेर राहतो, आणि कागदावर जी ‘मोकळी शेतजमीन’ दिसते तिच्यावर प्रत्यक्षांत चुली पेटत असतात. पुढील सर्व इतिहास या एका गोष्टीच्या उजेडांत वाचावा, असें आमचें मत आहे.

इ. स. १८७९ च्या मुंबई जमीनमहसूल कायद्याच्या ६५ व्या कलमानें शेतजमिनीचा बिनशेतीकडे उपयोग करण्यास कलेक्टरची परवानगी आवश्यक केली. परंतु अर्ज करण्याचा अधिकार कब्जेदाराचा. डहाणू व उंबरगांव भागांत कब्जेदार कोण होते, हें सिमिंग्टन यांच्या १९३९ च्या अहवालावरून स्पष्ट होतें. जमीन सावकार-जमीनदारांकडे गेलेली आणि वारली त्याच जमिनीवर कूळ किंवा वेठबिगार. म्हणजे ज्याच्या घराशेजारची जमीन, त्याला कायद्याच्या दृष्टीनें बोलण्यास जागाच नव्हती. हा मुलूख १९३५ च्या कायद्यान्वयें ‘अंशतः वर्जित प्रदेश’ गणला गेला होता, तरी या बाबतींत फरक पडला नाहीं. फरक पडला तो ता. २३ मे १९४५ रोजीं झरी येथें भरलेल्या परिषदेपासून आणि गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं उठलेल्या वारल्यांच्या लढ्यापासून. १९४८ च्या कूळकायद्यानें आणि १९५७ च्या कृषिदिनानें कुळाला मालक होण्याची वाट उघडली. त्या वाटेनें पोंचलेल्या वारल्याचें नांव सातबाऱ्यावर आलें. त्याचा पाडा मात्र नकाशावर आला नाहीं.

१९६६ सालीं दोन कायदे झाले, महाराष्ट्र जमीनमहसूल संहिता आणि प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. पहिल्यानें बिनशेतीची जुनी परवानगी कायम ठेविली. दुसऱ्यानें प्रादेशिक योजनेचा मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागविण्यास चार महिन्यांहून कमी नाहीं इतकी मुदत घालून दिली. चार महिने पुष्कळ झाले, असें शहरवासीयास वाटेल. राजपत्र कोणत्या पाड्यावर जाऊन वाचलें जातें, हा प्रश्न त्याला पडत नाहीं.

यानंतरचा टप्पा महत्त्वाचा आहे. डहाणूच्या खाडीलगत ५०० मेगावॅटच्या औष्णिक वीजकेंद्रास १९८९ सालीं मंजुरी मिळाली. स्थानिकांनीं न्यायालयांत दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयानें १९९१ च्या मार्चमध्यें केंद्र थांबविलें नाहीं, परंतु धुरांतील गंधक काढणारी यंत्रणा बसविण्याची अट टाळतां येणार नाहीं असें बजाविलें. (ती यंत्रणा प्रत्यक्ष चालूं होण्यास २००७ साल उजाडलें.) त्याच वर्षीं ता. २० जून रोजीं केंद्र सरकारनें अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. उद्योगांचे हिरवा, नारिंगी आणि लाल असे तीन वर्ग पाडले. लाल वर्गास बंदी. सर्व तालुक्यांत मिळून उद्योगांना ५०० एकरांहून अधिक जागा नाहीं. तालुक्याभोंवतीं २५ किलोमीटरचा पट्टा उद्योगमुक्त. राज्य सरकारनें एका वर्षांत योजना करावी, तींत हिरवे प्रदेश, वाड्या, आदिवासी क्षेत्रें व इतर नाजूक जागा स्पष्ट दाखवाव्यात, आणि अशा जागांचा चालूं वापर बदलूं देऊं नये, असें शेवटीं सांगितलें.

आमच्या मतें सबंध अधिसूचनेचा प्राण या शेवटच्या वाक्यांत आहे. तोंवर बदल मागणाऱ्यास परवानगी हा नियम होता आणि नकार हा अपवाद; या वाक्यानें तें उलटें केलें. मात्र घोलवड-बोर्डीकडील चिकूच्या वाड्या आणि वारल्यांचे पाडे एकाच ओळींत संरक्षिले गेले, हेंही लक्षांत घ्यावें. वाडीवाला आणि वाडींत मजुरी करणारा यांचें हित एकच असतें असें नाहीं. उद्योग बंद झाल्यानें रोजगार बुडाला, ही तालुक्यांतील अनेकांची तक्रारही पोकळ नव्हती. चिंचणी-वाढवणच्या बाजूस डाय बनविण्याचा धंदा घरोघरीं चालतो. घर आणि कारखाना शेजारीं असणें हेंच मुळांत वाईट, असें तेथें कोणी म्हणणार नाहीं.

योजना वेळेंत झाली नाहीं आणि प्रकरण पुन्हां सर्वोच्च न्यायालयांत गेलें. ता. ३१ ऑक्टोबर १९९६ च्या निकालानें अधिसूचनेच्या अंमलबजावणीसाठीं स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचा आदेश झाला. अध्यक्ष निवृत्त उच्च न्यायालयीन न्यायमूर्ति, सभासद जलविज्ञान, सागरविज्ञान, परिसरविज्ञान, नियोजन इत्यादि शास्त्रांचे जाणकार. ता. १९ डिसेंबर १९९६ रोजीं तें स्थापन झालें आणि न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी यांनीं प्रदीर्घ काळ त्याचें अध्यक्षपद सांभाळिलें. पांचच दिवसांनीं, ता. २४ डिसेंबरला, अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींचा कायदा झाला, जो सामान्यतः ‘पेसा’ या नांवानें ओळखला जातो. डहाणू हा अनुसूचित क्षेत्रांतील तालुका. या कायद्यानें गांवाची व्याख्या करतांना वस्ती, वस्त्यांचा समूह किंवा पाडा यांनाही गांव मानलें, आणि भूसंपादनापूर्वीं ग्रामसभेशीं किंवा योग्य त्या पंचायतीशीं विचारविनिमय करणें बंधनकारक केलें. पाड्याला कायद्यांत स्वतःचें स्थान मिळालें तें या ठिकाणीं. एका आठवड्यांत जन्मलेल्या या दोन व्यवस्था पुढें वेगवेगळ्या वाटांनीं गेल्या. एक तज्ज्ञांच्या मतावर चालली. दुसरीचे महाराष्ट्रांतील नियम होण्यासच २०१४ साल उजाडावें लागलें.

प्राधिकरणाची कसोटी किनाऱ्यावर लागली. वाढवण येथें पी. अँड ओ. कंपनीनें योजिलेलें बंदर १९९८ सालीं प्राधिकरणानें नाकारिलें. अधिसूचनेच्या चौकटींत असलें बंदर बसत नाहीं, असा त्या निर्णयाचा आशय होता. पुढें २०२० सालीं केंद्रीय यंत्रणेनें बंदराला लाल वर्गांतील उद्योगांतून काढून बिगर-औद्योगिक कार्यांत घातलें. अधिसूचनेंतील एक अक्षरही न बदलतां तिच्या कुंपणास फाटक पडलें तें असें. ता. ३१ जुलै २०२३ रोजीं, न्यायमूर्ति धर्माधिकारी यांच्या निधनानंतर साडेचार वर्षांनीं, प्राधिकरणानें अटी घालून ना-हरकत दिली. २०२४ च्या एप्रिलमध्यें मुंबई उच्च न्यायालयानें ती उचलून धरली, जूनमध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें ७६,२२० कोटी रुपयांच्या योजनेस मान्यता दिली आणि ता. ३० ऑगस्टला पायाभरणी झाली.

बंदर समुद्रांत भराव घालून व्हावयाचें, तेव्हां जमिनीवरील वस्तीशीं त्याचा संबंध थोडा, असा युक्तिवाद होतो. तो अपुरा आहे. बंदरापासून राष्ट्रीय महामार्गापर्यंत सुमारें ३२ किलोमीटरचा रस्ता योजिला आहे आणि लोहमार्गाची जोड आहे. रस्ता पूर्वेकडे, आदिवासी गांवांच्या बाजूस जातो. जेथें असा रस्ता जातो तेथें कडेच्या जमिनीला वखार, धाबा, गोदाम, पेट्रोलपंप यांसाठीं गिऱ्हाईक येतें, आणि बिनशेतीचे अर्ज पडूं लागतात. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊं नये म्हणून महसूल संहितेंत १९७४ सालीं ‘३६-अ’ हें कलम घातलें गेलें आहे. पण तें जमीन कोणाची, एवढेंच पाहतें, शेजारीं कोणाचें घर आहे हें पाहत नाहीं. २०१७ च्या दुरुस्तीनें गांवठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरांतील जमिनीला निवासी बिनशेतीची वाट सोपी केली, तीही गांवठाणापासूनच मोजली जाते, पाड्यापासून नव्हे. २०१४ च्या नियमांप्रमाणें पाड्याला गांव म्हणून जाहीर करून घेण्याची रीत उपलब्ध आहे. कैनाडच्या बाजूच्या पाड्यांना हरकतीच्या टेबलापाशीं आपल्या नांवानें उभें राहावयाचें असेल, तर तो दाखला रस्त्याची मोजणी होण्याच्या आधीं हातीं असला पाहिजे.