हेल्मेट इंटरकॉम घेताय? पेटीवरचे ‘१२०० मीटर’ मागे बसणाऱ्याच्या काय कामाचे?

मुंबईत जून २०२२ पासून वाहतूक पोलिसांनी दुचाकीवर मागे बसणाऱ्यांच्या हेल्मेटबाबतही कारवाई सुरू केली. कायद्यात हे नवीन नव्हते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे, मग तो गाडी चालवत असो की मागे बसलेला असो. फक्त पगडी घालणाऱ्या शीख व्यक्तींना त्यातून सवलत आहे.

पण दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट आले की बोलणे अवघड होते. मागून “अहो, पुढचा टर्न आपला!” असे ओरडून सांगितलेले पुढे पोहोचत नाही. मग खांद्यावर थाप मारायची, चालवणाऱ्याने मान मागे वळवायची, काच वर करायची आणि “काय?” म्हणून विचारायचे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर पुढे जाते. दोन सेकंद मान वळवली तर गाडी ३३ मीटर जवळजवळ न बघता चालली.

हेल्मेट इंटरकॉम हे त्यावरचे उत्तर आहे. हेल्मेटच्या बाहेर एक छोटी डबी, आत कानांजवळ दोन चपटे स्पीकर आणि तोंडासमोर एक माइक एवढाच हा संच असतो. दोघांच्या हेल्मेटमध्ये एकेक संच बसवला की फोनसारखे बोलता येते. एकाचे वाक्य संपेपर्यंत दुसऱ्याला थांबावे लागत नाही.

बाजारात इस्रायलची कार्डो आणि मूळची कोरियन सेना ही दोन मोठी नावे आहेत. बंगळुरूची ब्लूआर्मर ही भारतीय कंपनी आहे आणि एजियास, फ्रीडकॉन, लेक्सिन असे चिनी पर्यायही भरपूर आहेत. किंमत एक-दोन हजारांपासून तीस-चाळीस हजारांच्या वरपर्यंत जाते. एवढा फरक कशामुळे पडतो आणि त्यातला किती तुमच्या उपयोगाचा आहे, हे समजले की निवड बरीच सोपी होते.

आधी ठरवा, बोलायचे कोणाशी?

पेटीवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेले असते ते अंतर. ८०० मीटर, १२०० मीटर, १.६ किलोमीटर. मागे बसणारी व्यक्ती तुमच्यापासून हातभर अंतरावर असते. तिच्याशी बोलायला १.६ किलोमीटरचे पैसे मोजण्यात काहीच अर्थ नाही.

शिवाय हे आकडे मोकळ्या जागेतले असतात, मध्ये काही आड येत नाही असे धरून दिलेले. इंटरकॉमच्या लहरी वळणामागे सहज वळत नाहीत. ताम्हिणी किंवा माळशेज घाटात पुढची गाडी डोंगराच्या कडेआड गेली की पेटीवर काहीही लिहिलेले असो, आवाज तुटू लागतो. अंतराचा आकडा दोन मॉडेलांची तुलना करायला ठीक आहे, वचन म्हणून त्याकडे पाहू नये.

दोन-तीन गाड्या एकत्र जाणार असतील तर मात्र प्रश्न बदलतो. साधे ब्लूटूथ इंटरकॉम एकमेकांना साखळीसारखे जोडलेले असतात. पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला. मधला पेट्रोल भरायला थांबला की साखळी तुटते आणि पुढचे दोघे मागच्या दोघांपासून वेगळे पडतात. ‘मेश’ प्रकारात प्रत्येक संच जवळच्या सगळ्यांशी थेट जोडलेला असतो. एक जण निघून गेला तर संदेश दुसऱ्या वाटेने जातो आणि तो परत आल्यावर आपोआप गटात येतो. कार्डोने असे तंत्र २०१५ साली मोटरसायकलींसाठी आणले, सेनाने काही वर्षांनी आपले आणले.

अडचण अशी की कार्डोचे मेश आणि सेनाचे मेश एकमेकांशी बोलत नाहीत. दोन कंपन्यांचे संच जोडायचे तर पुन्हा साध्या ब्लूटूथवर यावे लागते आणि तिथे आवाजाचा दर्जा, जोडणीची सोय या दोन्हींत तडजोड होते. त्यामुळे लेह-लडाखला दहा जण निघणार असतील तर सर्वात चांगला इंटरकॉम कोणता, यापेक्षा बाकीच्या नऊ जणांकडे कोणता आहे हे आधी विचारा.

नवरा-बायको, बाप-लेक, दोन मैत्रिणी एकाच गाडीवर जाणार असतील तर मेशची गरज नाही. चांगला ब्लूटूथ संच, तोही जोडीने मिळणारा, पुरतो. एकाच मॉडेलचे दोन नग घेतले की जोडणीची कटकट बरीच कमी होते. वाचलेले पैसे हेल्मेटवर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आवाज कमी येतो, दोष कोणाचा?

इंटरकॉमबद्दलची एक नेहमीची तक्रार म्हणजे ‘हायवेवर काहीच ऐकू येत नाही’. पुष्कळदा यंत्र ठीक असते, स्पीकर चुकीच्या जागी असतात. स्पीकर कानाच्या छिद्राच्या बरोबर समोर आणि कानाच्या अगदी जवळ हवा. एखादा सेंटीमीटर मागे किंवा खाली सरकला तरी आवाज अर्ध्यावर आल्यासारखा वाटतो.

स्पीकर वेल्क्रोने चिकटतात, म्हणून पहिल्याच प्रयत्नात पक्के करू नका. फोनवर बातम्या किंवा कोणाचे भाषण लावा, कारण गाण्यापेक्षा बोलण्यात फरक लवकर कळतो. हेल्मेट घाला, ऐका, काढा, अर्धा सेंटीमीटर सरकवा, पुन्हा घाला. दोन्ही कानांसाठी हे वेगवेगळे करावे लागते. पंधरा-वीस मिनिटे जातात, पण हा वेळ वाया जात नाही. स्पीकर कानापासून दूर राहत असेल तर मागे लावायच्या फोमच्या चकत्या अनेक संचांसोबत येतात. त्या वापरा.

हे महत्त्वाचे आहे कारण आवाज कमी आला की आपण व्हॉल्यूम वाढवतो. वेगात जाताना हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज खूप असतो, हायवेच्या वेगाला तो ९० डेसिबलच्या पुढे जातो. अमेरिकेतील नायोश ही कामगारांच्या आरोग्याची सरकारी संस्था ८५ डेसिबल आवाजासाठी दिवसाला आठ तासांची मर्यादा सुचवते. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे. वाऱ्यावर मात करायला त्याहून मोठे गाणे लावून पुण्याहून कोल्हापूरला गेलात, तर कानाचा हिशेब कधीच संपलेला असतो. उतरल्यावर कानात शिट्टी वाजल्यासारखे होत असेल तर ती त्याचीच खूण आहे.

म्हणून मानेकडून वारा आत न घुसणारे, नीट बसणारे हेल्मेट हीच चांगल्या आवाजाची पहिली पायरी आहे. ढिल्या हेल्मेटमधला महागडा इंटरकॉम नीट बसणाऱ्या हेल्मेटमधल्या स्वस्त इंटरकॉमपुढे हरतो.

माइक आणि हरवलेला पहिला शब्द

माइक दोन प्रकारचे असतात. पूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटमध्ये हनुवटीच्या आत चिकटवायचा वायरचा छोटा माइक लागतो. अर्ध्या हेल्मेटमध्ये किंवा हनुवटीचा भाग वर उचलता येणाऱ्या हेल्मेटमध्ये दांडीवरचा माइक लागतो. मागे बसणाऱ्यांकडे बहुधा अर्धे हेल्मेट असते, त्यामुळे खोक्यात दोन्ही माइक आहेत का हे बघून घ्या. अर्ध्या हेल्मेटमध्ये माइकवर वारा थेट आदळतो आणि तो आवाज चालवणाऱ्याच्या कानात जातो. मागे बसणाऱ्याला पुढच्या पाठीचा थोडा आडोसा मिळतो, पण वेग वाढला की तो पुरत नाही. माइकवरची फोमची टोपी हरवू देऊ नका.

काही संचांमध्ये बोलायला लागले की माइक आपोआप सुरू होण्याची सोय असते. ऐकायला छान वाटते, पण माइक जागा होईपर्यंत पहिला शब्द गिळला जातो. मागून कोणी “नको वळू!” म्हणाले आणि पुढे नुसते “वळू!” पोहोचले, तर काय होईल याची कल्पना करा. एकाच गाडीवरच्या दोघांनी ही सोय बंद ठेवून इंटरकॉम सतत चालू ठेवावा. बॅटरी थोडी जास्त जाते, जाऊ द्या.

हेल्मेट कापू नका

स्पीकर बसत नाहीत म्हणून आतला थर्माकोलसारखा पांढरा थर ब्लेडने कोरणारे लोक आहेत. काही दुकानदारही ते करून देतात. आपटल्यावर दबून धक्का शोषणारा थर तोच असतो. तो कोरला तर डोक्याच्या त्या बाजूचे संरक्षणच कमी होते, आणि हेल्मेटवरची आयएसआय खूण, म्हणजे आयएस ४१५१ या मानकाची खात्री, कोरण्याआधीच्या हेल्मेटची होती. युरोपच्या ईसीई २२.०६ या नव्या मानकात कंपनीने स्वतः नेमून दिलेल्या जोडसाहित्यासह हेल्मेट तपासण्याची तरतूद आहे, ती याच काळजीतून.

अनेक हेल्मेटमध्ये कानांच्या जागी स्पीकरसाठी आधीच खोलगट कप्पा असतो. नवीन हेल्मेट घेणार असाल तर अस्तर बाजूला करून तो बघा. कप्पा नसेल तर पातळ स्पीकर शोधा. बाहेरच्या डबीसाठी चिमटा आणि चिकटपट्टी असे दोन मार्ग असतात. चिमटा बाहेरचे कवच आणि आतला थर यांच्या फटीत सरकवतात. फट नसेल तर जोर लावू नका, चिकटपट्टी वापरा. डबी डाव्या बाजूला असते, कारण उजवा हात ॲक्सिलरेटरवर असतो.

मागे बसणाऱ्यासाठी आणखी दोन गोष्टी बघायच्या असतात, ज्या जाहिरातीत कधी येत नाहीत. एक म्हणजे कानातले. झुमके किंवा मोठे टॉप्स असतील तर स्पीकर त्यांच्यावर दाबतो आणि अर्ध्या तासात कान दुखू लागतो. अंबाडा किंवा क्लिपमुळे हेल्मेट वर उचलले जाते आणि स्पीकर कानाच्या वर सरकतात. मागच्या हेल्मेटची जुळवणी ती व्यक्ती प्रवासाला जशी निघते तशीच तयार होऊन करावी.

पाऊस, ऊन आणि चार्जिंग

आपल्याकडे वर्षाचे चार महिने पावसाचे. ‘वॉटर रेझिस्टंट’ एवढेच लिहिलेले असेल तर त्यावर विसंबू नका, आकडा शोधा. आयपीएक्स४ म्हणजे उडणारे शिंतोडे चालतील, आयपीएक्स५ म्हणजे पाण्याचा फवारा चालेल, आयपी६७ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाले तरी चालेल. कोकणात जुलैत गाडी चालवणाऱ्याने आयपी६७ च बघावा. चार्जिंगच्या जागेवरचे रबरी झाकण नीट बसलेले नसेल तर या आकड्याला अर्थ उरत नाही.

उन्हाळ्यात हेल्मेट आरशाला अडकवून भर उन्हात ठेवायची आपली सवय लिथियम बॅटरीसाठी वाईट आहे. डबी सहज निघत असेल तर काढून खिशात ठेवावी. चोरीची भीतीही जाते. चार्जिंगला टाइप-सी पिन असलेलेच मॉडेल घ्या, म्हणजे फोनचा चार्जर चालतो. बोलण्याचे तास पेटीवर दहा लिहिले असतील तर नव्या बॅटरीचे समजा. दोन-तीन वर्षांनी ते कमी होणारच आणि बहुतेक डब्यांमध्ये बॅटरी घरी बदलता येत नाही. म्हणून सेवा केंद्र भारतात आहे का, सुटे स्पीकर-माइक मिळतात का, हे विचारा. दुबईहून किंवा अमेरिकेहून कोणी नातेवाईक स्वस्तात आणून देणार असेल, तर हमी इथे चालेल का हे आधी कंपनीला विचारून घ्यावे.

फारच कमी खर्चात भागवायचे असेल तर एक मार्ग आहे. दोघांच्या हेल्मेटमध्ये साधे ब्लूटूथ हेडसेट बसवायचे आणि एकमेकांना फोन लावून ठेवायचा. शहरात हे चालते. घाटात रेंज गेली की संवाद संपतो.

बोलावे, पण कोणाशी?

कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातात धरायच्या संपर्क साधनांचा वापर धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतो. इंटरकॉम हातात धरावा लागत नाही, तरी त्यावर येणारा फोन आणि मागे बसलेल्या माणसाचे बोलणे यांत मोठा फरक आहे. अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या फ्रँक ड्रूज, मोनिशा पसुपती आणि डेव्हिड स्ट्रेयर यांनी २००८ मध्ये मोटारीच्या सिम्युलेटरवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. हँड्सफ्री फोनवर बोलणारे चालक सोबत्याशी बोलणाऱ्यांपेक्षा जास्त भरकटले आणि ठरलेल्या ठिकाणी बाहेर पडायचेही जास्त विसरले. सोबत बसलेल्याला रस्ता दिसतो. गर्दी वाढली की तो गप्प होतो किंवा बोलणे रस्त्याकडे वळवतो. फोनवरच्या माणसाला ट्रक दिसत नाही. अभ्यास मोटारीचा होता, पण दुचाकीवर चुकीला जागा त्याहून कमी असते.

त्यामुळे अ‍ॅपमध्ये सेटिंग शोधा आणि फोनपेक्षा इंटरकॉमला प्राधान्य द्या, किंवा येणारे फोन आपोआप उचलण्याची सोय बंद करा. तीच सोय काही मॉडेलांत सुरुवातीपासून चालू असते. फोन घ्यायचाच असेल तर तो मागच्याच्या हेल्मेटला जोडा. नकाशाचा आवाज मात्र पुढच्या कानात राहू द्या, म्हणजे “अगं, डावीकडे म्हणाली की उजवीकडे?” हा प्रश्न चालत्या गाडीवर विचारावा लागत नाही.