जोखमीचा धडा : मुंबईच्या गुंतवणुकीचा इतिहास आणि शालेय गणित

महाराष्ट्रातील शालेय शिक्षणात पैशाचा हिशेब फार जुना आहे. पैसा बुडू शकतो या शक्यतेचा विचार मात्र त्यात फार उशिरा आला आणि आला तोही अर्धाच. त्रैराशिक, नफा-तोटा, सरळव्याज आणि चक्रवाढ व्याज हे विषय मराठी अंकगणितात एकोणिसाव्या शतकापासून स्थिरावलेले होते. अर्थशास्त्राचा परिचय करून देणारी मराठी पुस्तकेही त्याच शतकाच्या मध्यास निघू लागली. लोकहितवादींचे ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ सालचे, तर कृष्णशास्त्री चिपळूणकरांची ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ १८५५ सालची. परंतु संपत्ती कशी निर्माण होते हे समजणे वेगळे आणि साठवलेली पुंजी कुठे, किती काळ व कोणाच्या भरवशावर ठेवावी हे ठरवणे वेगळे. या दुसऱ्या प्रश्नाचे शिक्षण मुंबई शहराला कोणत्याही वर्गात मिळाले नाही. ते त्याने बाजारात घेतले, आणि पहिल्याच धड्याची किंमत अवाढव्य होती.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, उत्तरेकडील सरकारने दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा आटला. त्यामुळे एरवी हलक्या प्रतीचा समजला जाणारा हिंदी कापूस एकाएकी मोलाचा ठरला आणि तत्कालीन अंदाजाप्रमाणे, युद्धाच्या चार-पाच वर्षांत मुंबईच्या पदरात नेहमीच्या उत्पन्नाखेरीज सुमारे ८ कोटी पौंड पडले. एवढा पैसा रिचवील असा उद्योग तेव्हा शहरात नव्हता. कापडगिरण्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, रेल्वेचे भांडवल विलायतेत उभे राहत होते, आणि सरकारी रोखे, म्हणजे सरकारने ठरावीक व्याजाने घेतलेल्या कर्जाचे कागद, या उधाणात कोणाला आकर्षक वाटणे शक्य नव्हते. जो पैसा जमिनीत किंवा सोन्यात गेला नाही तो नव्या कंपन्यांच्या भागांकडे वळला.

भाग किंवा शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा एक अंश. कर्जरोखा घेणारा हा कंपनीचा सावकार असतो व त्याला व्याजाचे वचन मिळालेले असते. भागधारकाला असे कोणतेही वचन नसते, सर्वांची देणी भागल्यावर जे उरेल त्यावर त्याचा हक्क, मग ते भरपूर असो वा शून्य. हिंदुस्थानात १८५७ च्या कायद्याने भागधारकाची जबाबदारी त्याने घेतलेल्या भागाच्या रकमेपुरती मर्यादित करता येऊ लागली आणि १८६० मध्ये ही सवलत बँकांनाही मिळाली. कंपनी बुडाली तरी घरदार जाणार नाही, ही हमी उद्योगाच्या वाढीसाठी आवश्यकच होती. मात्र भागाची संपूर्ण रक्कम मर्यादित असली तरी ती एकदम भरावी लागत नसे, उरलेले हप्ते मागाहून मागवले जात, आणि ही देणेदारी भाग विकत घेणाऱ्याच्या गळ्यात कायम राहते हे उत्साहाच्या भरात विसरले गेले.

जानेवारी १८६५ पर्यंत मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि ८ भूमी कंपन्या उभ्या राहिल्या होत्या. त्यांतील सर्वांत गाजलेली कंपनी बॅकबेचा समुद्र हटवून जमीन तयार करणार होती. तिच्या ज्या भागावर ५,००० रुपये भरणा झाला होता, तो ऐन भरात ५०,००० रुपयांच्या घरात विकला जाऊ लागला. भागावर छापलेली किंवा भरलेली रक्कम आणि बाजारातील भाव यांच्यातील या फरकाला अधिमूल्य म्हणतात. कंपनी पुढे भरपूर नफा कमावील ही अपेक्षा एवढेच या अधिमूल्याचे कारण असू शकते, आणि येथे तर जमीन अजून समुद्रातून वर यायची होती. तरीही या भावाला मूर्खपणा म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल, कारण वाढत्या शहरात जागेची टंचाई खरी होती आणि योजनेला सरकारचा आश्रयही होता. कल्पना चांगली होती, भाव वाईट होता. गुंतवणूक शिकवताना या दोन गोष्टी वेगळ्या काढून दाखवण्यासाठी बॅकबेहून उत्तम उदाहरण मुंबईच्या इतिहासात सापडणे कठीण आहे.

धोका खरा वाढवला तो उसनवारीने. १८६३ च्या नव्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बे या सरकारी भांडवलाचा अंश असलेल्या प्रतिष्ठित बँकेला भागांच्या तारणावर कर्ज देण्याची मुभा मिळाली आणि कापूस व दलालीच्या व्यापारातून मोठे झालेले प्रेमचंद रायचंद यांचा शब्द त्या बँकेत प्रमाण मानला जाऊ लागला. तारण म्हणजे कर्ज बुडाल्यास विकून वसुली करता यावी म्हणून धनकोकडे ठेवलेली मालमत्ता. जमीन किंवा सोने तारण असता त्याचे मोल बँकेच्या कामकाजावर अवलंबून नसते. येथे मात्र बँक कर्ज देत असल्यामुळे भागांचे भाव चढत होते आणि भाव चढत असल्यामुळे बँक आणखी कर्ज देत होती. याचे गणित शाळकरी मुलाला सहज करता येण्यासारखे आहे. समजा, ५०,००० रुपये भावाचा एक भाग तारण ठेवून कोणी २५,००० रुपये उचलले आणि ते दुसऱ्या कंपनीच्या भागांत घातले. भाव २०,००० वर आला, तर पहिला भाग विकूनही कर्जाचे ५,००० रुपये अंगावर राहतात. आणि ज्या लाटेत पहिला भाग कोसळला त्याच लाटेत दुसराही कोसळला असल्यामुळे ते फेडण्याचे साधन हाती नसते. पैसा अनेक ठिकाणी विभागून ठेवण्याला विविधीकरण म्हणतात, पण ती सारी ठिकाणे एकाच कारणाने बुडणारी असतील तर ते विविधीकरण केवळ नावापुरते असते.

याच्या जोडीला वायद्याचे सौदे होते. वायदा म्हणजे आज भाव ठरवून पुढील ठरलेल्या दिवशी माल आणि पैसे यांची देवघेव करण्याचा करार. त्यात आज रोख लागत नसल्याने ऐपतीच्या कितीतरी पट सौदे करता येतात. १ जुलै १८६५ ही अशा असंख्य सौद्यांची मुदत होती. तत्पूर्वीच, एप्रिलमध्ये, दक्षिणेच्या मुख्य सैन्याने शरणागती पत्करली होती आणि त्या वार्तेने कापसाचा भाव गडगडला होता. मुदतीच्या दिवशी सौदे पुरे करायला पैसा कोणाजवळच नव्हता. विकायला भाग होते, पण घेणारा नव्हता. मालमत्तेचे हवे तेव्हा रोकड पैशात रूपांतर करता येणे यास तरलता म्हणतात, आणि ती नेमकी गरज असेल तेव्हाच नाहीशी होते हा या दिवसाचा अनुभव पुढे जगाच्या प्रत्येक बाजारात पुन:पुन्हा आलेला आहे. दिवाळखोरीची प्रकरणे इतकी साचली की त्यांच्या निवारणासाठी त्याच वर्षी खास कायदा करावा लागला. बँक ऑफ बॉम्बे सावरली नाही. १८६८ मध्ये ती गुंडाळण्यात आली, तिच्या कारभाराच्या चौकशीसाठी आयोग बसला आणि त्याच नावाची नवी बँक स्थापन झाली. १८६४ च्या खानेसुमारीत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ होती, ती १८७२ मध्ये ६,४४,४०५ भरली. प्रेमचंदांनी तेजीच्या दिवसांत मुंबई विद्यापीठाला दिलेल्या ४ लाख रुपयांतून ग्रंथालय आणि त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई मनोरा उभा राहिला. तेजीतील पैशाची इतकी टिकाऊ गुंतवणूक दुसरी क्वचितच झाली असेल. दलालांनी ९ जुलै १८७५ रोजी आपली संघटना स्थापली, तीच पुढे मुंबई शेअर बाजार म्हणून ओळखली गेली.

या अनुभवाचा मध्यमवर्गावर झालेला परिणाम दुहेरी होता. शेअर म्हणजे सट्टा हे समीकरण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या पक्के झाले आणि १८८२ मध्ये देशभर सुरू झालेली पोस्टाची बचत बँक हे सज्जनाच्या पैशाचे ठिकाण ठरले. शाळांनीही हाच संस्कार जोपासला. राष्ट्रीय बचत मोहिमेतील संचयिका योजनेत विद्यार्थी शाळेतच छोटी बँक चालवीत, आणि काटकसर व नियमितपणा या गुणांचे ते उत्तम शिक्षण होते. मात्र त्यातून एक गैरसमजही रुजला, तो असा की ज्यात मुद्दल कमी होत नाही त्यात जोखीमच नसते. महागाई वर्षाला ७ टक्के असेल तर सुमारे दहा वर्षांत रुपयाची खरेदीशक्ती निम्म्यावर येते, आणि पासबुकातील आकडा जसाच्या तसा असूनही त्याचा अर्धा माल गेलेला असतो. सुरक्षित साधनांचे व्याजही स्थिर नसते: १९६८ मध्ये सुरू झालेल्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवर १९८६ पासून २००० च्या आरंभापर्यंत १२ टक्के व्याज मिळत होते, तर एप्रिल २०२० पासून ते ७.१ टक्के आहे.

ठेवींचा इतिहासही तितकाच बोधक आहे. भिशीत दहा जण दरमहा ठरलेली रक्कम जमवून पाळीपाळीने उचलतात, तेव्हा परस्परांची ओळख हेच तारण असते. ही ओळख संस्थेच्या रूपात आणण्याचा देशातील आरंभीचा प्रयत्न विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांच्या पुढाकाराने १८८९ मध्ये बडोद्यास निघालेल्या अन्योन्य सहकारी मंडळीत झाला. संस्था वाढली की ओळख विरळ होते आणि तिची जागा देखरेखीने घ्यावी लागते. १९६० मध्ये लक्ष्मी बँक आणि केरळातील पालाई सेंट्रल बँक बुडाल्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेवविमा लागू झाला. त्याची मर्यादा तेव्हा १,५०० रुपये होती, १९९३ पासून १ लाख आणि फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपये. ही शेवटची वाढ होण्यापूर्वी काही महिने, सप्टेंबर २०१९ मध्ये, मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि खातेदारांना प्रारंभी केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती.

अनेकांचा पैसा एकत्र करून तो तज्ज्ञांकरवी शेअर व रोख्यांत विभागून गुंतवणे, हा म्युच्युअल फंडाचा मार्ग १९६४ मध्ये युनिट ट्रस्टच्या ‘युनिट ६४’ योजनेने सामान्यांना खुला केला. फंडाजवळील मालमत्तेतून देणी वजा करून युनिटांच्या संख्येने भागले की निव्वळ मालमत्ता मूल्य मिळते. या योजनेत मात्र युनिटचा भाव दीर्घकाळ त्या मूल्यावरून नव्हे तर संस्थेच्या निर्णयाने ठरत होता, त्यामुळे लाखो कुटुंबांनी तिला बँकेतील ठेवच मानले. जुलै २००१ मध्ये युनिटांची परतखरेदी थांबवावी लागली तेव्हा लपून राहिलेली जोखीम उघडी पडली.

या साऱ्या अनुभवाच्या मानाने दहावीच्या गणितातील २०१८ सालचे ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण उशिराचे, तरी स्वागतार्ह आहे. दर्शनी किंमत, बाजारभाव, लाभांश, दलाली, निव्वळ मालमत्ता मूल्य आणि दरमहा ठरावीक रक्कम गुंतवण्याची पद्धत हे सारे त्यात आले आहे, आणि दलालीसह शेअरची किंमत काढणे विद्यार्थ्याला उत्तम जमते. तो शेअर उद्या निम्म्या भावाने विकावा लागण्याची शक्यता किती, हा प्रश्न मात्र त्या प्रकरणाचा विषय होत नाही. लगेच पुढचे प्रकरण ‘संभाव्यता’ हे आहे, पण तेथे मुख्यतः नाणी, फासे आणि पत्ते भेटतात. ज्या दोन प्रकरणांच्या सांध्यावर जोखमीची संकल्पना उभी आहे ती शेजारी असूनही एकमेकांना परकी राहिली आहेत. पाठ्यपुस्तक मंडळाने पुढील आवृत्तीत फाशांची काही उदाहरणे कमी करून त्या जागी बॅकबेचा भाग, युनिट ६४ आणि विम्याच्या मर्यादेपलीकडची ठेव यांवर बेतलेली उदाहरणे घालावीत. तोपर्यंत हे काम गणिताच्या शिक्षकांनी फळ्यावर करण्यास कोणाची परवानगी लागत नाही.